घर आणि शाळा : आधी प्रश्न समजावा

वार्षिक परीक्षेचे दिवस जवळ आले म्हणजे लहान मुलांच्या घरात एक बदल चटकन नजरेस येतो. संध्याकाळचा खेळ आखडतो, सराव-प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे टेबलावर येऊन पडतात आणि नऊदहा वर्षांच्या मुलाशी होणारे सारे बोलणे “किती झाले?” आणि “किती राहिले?” या दोन प्रश्नांत सामावू लागते. आईवडिलांचा हेतू निःसंशय चांगला असतो. तथापि या धांदलीत परीक्षा कशाची आहे आणि तीत मुलाला नेमके काय करावयाचे आहे, याचा विचार बहुधा राहूनच जातो.

बेंगळुरूसारख्या शहरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना या चिंतेच्या जोडीला आणखी एक चिंता असते. घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि रस्त्यावर कन्नड, अशा तीन भाषांत मुलाचा दिवस जातो. कर्नाटकाच्या 2015 च्या कन्नड भाषा अध्ययन अधिनियमामुळे शाळेत पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून त्याला कन्नड शिकावी लागते. मग पुष्कळ पालक म्हणतात, “आम्हांला कन्नड वाचता येत नाही, इंग्रजीही बेताचेच, आम्ही त्याचा अभ्यास काय घेणार?” आणि मुलाला शिकवणीच्या वर्गात घालून ते आपली जबाबदारी संपली असे मानतात. हा समज बरोबर नाही. प्राथमिक यत्तांच्या परीक्षेसाठी घराने जे करावयाचे असते, त्याचा फार मोठा भाग मराठीतच, स्वयंपाकघरात आणि भाजीबाजारात करता येण्याजोगा आहे. तो कोणता, हे सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

परीक्षा कोणती, हे आधी पाहावे

सर्व परीक्षा एका जातीच्या नसतात. काही परीक्षा निवडीच्या असतात. महाराष्ट्रातील शिष्यवृत्ती परीक्षा ही त्यांपैकी एक. पूर्वी ती चौथी व सातवीत होत असे. 2017 पासून ती पाचवी व आठवीत होऊ लागली आणि 2025 साली ती पुन्हा चौथी व सातवीकडे नेण्याचा निर्णय शासनाने घेतला. जवाहर नवोदय विद्यालयाची सहावीच्या प्रवेशाची परीक्षा हीही निवडीचीच. तेथे किमान 75 टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी असतात. अशा परीक्षांत जागा मोजक्या आणि उमेदवार पुष्कळ, त्यामुळे हुशार मुलाचीही निवड न होणे हे स्वाभाविक आहे.

दुसऱ्या प्रकारच्या परीक्षा सर्वेक्षणाच्या होत. 4 डिसेंबर 2024 रोजी देशभर निवडक शाळांतून तिसरी, सहावी व नववीच्या मुलांची जी राष्ट्रीय चाचणी झाली, ती या प्रकारची. तीत एकेका मुलाचा कस लावावयाचा नसून, त्या जिल्ह्यातील व राज्यातील शिक्षण कोठवर आले आहे हे पाहावयाचे असते. अमेरिकेत 2002 च्या कायद्याने तिसरी ते आठवीच्या मुलांची वाचन व गणितात दरवर्षी चाचणी घेणे राज्यांवर बंधनकारक केले, त्याच्याही मुळाशी शाळांकडून हिशेब मागण्याचीच कल्पना होती. अशा चाचणीसाठी मुलाला रात्री जागवणे म्हणजे गावाची जनगणना होणार म्हणून पोराला व्यायाम करावयास लावण्यासारखे आहे.

तिसरा प्रकार वर्षअखेरच्या मूल्यमापनाचा. 2010 पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्याप्रमाणे प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत कोणत्याही मुलाला मंडळाची परीक्षा उत्तीर्ण होण्याची सक्ती करता येत नाही. 2019 साली त्यात दुरुस्ती झाली आणि पाचवी व आठवीच्या अखेरीस नियमित परीक्षा घेण्याची तरतूद आली. जो मुलगा तीत अनुत्तीर्ण होईल त्याला दोन महिन्यांच्या आत पुन्हा संधी द्यावयाची आणि त्यानंतरही त्याला त्याच वर्गात ठेवावयाचे की नाही, हे संबंधित सरकारने ठरवावयाचे, अशी ती तरतूद आहे.

आपल्या मुलाची परीक्षा या तिहींपैकी कोणती, हे शाळेत जाऊन विचारावे. तिन्हींना एकच भीती लावू नये.

कर्नाटकातील एक धडा

ही भीती किती निराधार पायावर उभी असते, हे कर्नाटकातील पालकांनी 2024 साली अनुभवले. राज्य अभ्यासक्रमाच्या शाळांतील पाचवी, आठवी आदी वर्गांसाठी एकच प्रश्नपत्रिका काढून राज्य पातळीवर मूल्यमापन करण्याचे शासनाने योजिले होते. अशी परीक्षा कायद्यास धरून आहे की नाही, हा वाद न्यायालयात गेला. 6 मार्चला उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठाने त्यासंबंधीच्या अधिसूचना रद्द केल्या. दुसऱ्याच दिवशी खंडपीठाने त्या निर्णयास स्थगिती दिली. 11 मार्चला परीक्षा सुरू झाली. 12 मार्चला सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगिती उठविली आणि अर्ध्यावर आलेली परीक्षा थांबली. 22 मार्चला खंडपीठाने परीक्षेस मान्यता दिली, 25 मार्चपासून उरलेले पेपर झाले आणि 8 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने निकालालाच स्थगिती दिली.

यात कोणाची बाजू योग्य होती, याचा ऊहापोह येथे करावयाचा नाही. परंतु दहा वर्षांच्या मुलाच्या बाजूने या घटनाक्रमाकडे पाहावे. आज परीक्षा आहे, उद्या नाही, पुन्हा आहे आणि निकाल मात्र हाती नाही. ज्या घरात सारी तयारी निकालाकडे डोळे लावून झाली होती, तेथे मुलाच्या पदरात शीण तेवढा पडला. ज्या घरात त्या निमित्ताने मूल परिच्छेद नीट वाचावयास, हिशेब पडताळावयास शिकले, तेथे त्याचे काहीच वाया गेले नाही. परीक्षा होवो वा न होवो, निकाल लागो वा न लागो, जी तयारी मुलाजवळ शिल्लक उरते तीच करून घेण्याजोगी आहे. आता तिच्याकडे वळू.

चुकीचे उत्तर कोठून येते

प्राथमिक शाळेतील मुलांच्या उत्तरपत्रिका ज्यांनी लक्षपूर्वक पाहिल्या आहेत, त्यांना एक गोष्ट ठाऊक असते. पुष्कळ गुण जातात ते मुलाला येत नसते म्हणून नव्हे, तर काय विचारले आहे ते त्याने पुरते वाचलेले नसते म्हणून. एक साधा प्रश्न घ्या : “खालीलपैकी कोणता पक्षी उडत नाही?” पर्याय आहेत कावळा, शहामृग, घार आणि पोपट. घाईत असलेले मूल “पक्षी” आणि “उडत” हे दोन शब्द पाहते आणि “कावळा” या पहिल्याच पर्यायावर खूण करते. त्याला शहामृगाची माहिती असते, वाचावयाचा राहतो तो “नाही” हा शब्द.

दुसरे उदाहरण आमच्या शहरातले. मेट्रोच्या जांभळ्या मार्गावर मॅजेस्टिकहून महात्मा गांधी रस्त्याकडे जाताना वाटेत सर एम. विश्वेश्वरय्या, विधान सौध आणि कब्बन पार्क ही स्थानके लागतात. आता मुलाला विचारा, “मॅजेस्टिक आणि महात्मा गांधी रस्ता यांच्यामध्ये स्थानके किती?” उत्तर तीन. मग विचारा, “मॅजेस्टिक सुटल्यावर कितव्या स्थानकावर उतरावयाचे?” उत्तर चौथ्या. माहिती तीच, प्रश्न वेगळा, म्हणून उत्तर वेगळे. ही गोष्ट गाडीत बसल्या बसल्या बोटांवर मोजून एकदा पटली, की खांब आणि कुंपण, मजले आणि जिने, तारखा आणि दिवस यांच्यावरील कितीतरी उदाहरणे मुलाला आपोआप सोपी होतात.

बहुपर्यायी प्रश्नांत तर चुकीचे पर्याय मुद्दाम मुलांच्या नेहमीच्या चुकांवरूनच तयार केलेले असतात. 304 मधून 178 वजा करा, असा प्रश्न आहे आणि पुढे 126, 136, 226 व 274 असे पर्याय आहेत, असे समजा. बरोबर उत्तर 126. जे मूल प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते, त्याला 274 मिळतात. जे शतकाकडून उसने घेऊनही शतकाचा अंक तसाच ठेवते, त्याला 226 मिळतात. जे दशकाकडून उसना दिलेला एक विसरते, त्याला 136 मिळतात. मुलाला आपले उत्तर पर्यायांत सापडते आणि ते आनंदाने खूण करून पुढे जाते. तेव्हा “उत्तर पर्यायांत आहे, म्हणजे बरोबरच” हा समज आधी काढून टाकावा. त्यासाठी उलट पडताळा शिकवावा : 126 मध्ये 178 मिळवून 304 येतात का, हे पाहण्यास अर्धे मिनिट पुरते.

आणि चूक सापडली म्हणजे रागावण्यापूर्वी ती कोणत्या वाटेने आली, हे मुलालाच सांगावयास लावावे. 274 लिहिणारे मूल आळशी नसते. त्याची वजाबाकीची रीत एका जागी अडलेली असते. ती जागा सापडली, की दहा उदाहरणांचे काम दोन उदाहरणांत होते.

घरची भाषा उपयोगी पडते

येथेच मराठीचा उपयोग आहे. भाषांतराचे काम करणाऱ्यांना एक नियम पाळावा लागतो : मूळ वाक्य पुरते समजल्यावाचून लेखणी उचलावयाची नाही. जे वाक्य आपल्या भाषेत सांगता येत नाही, ते आपल्याला समजलेलेच नसते. हाच नियम मुलाला लावून पाहावा. प्रश्न इंग्रजीत असो वा कन्नडमध्ये, तो वाचून झाल्यावर मुलाने आईला मराठीत दोनच गोष्टी सांगाव्या : “दिले काय आहे?” आणि “विचारले काय आहे?” आईला मूळ भाषा येत नसली तरी बिघडत नाही, उलट ते सोयीचेच ठरते. तिला खरोखरीच माहीत नसल्यामुळे मुलाला नीट सांगणे भाग पडते, अर्धवट सांगून चालत नाही. आईने मध्येमध्ये “म्हणजे कोणाला?”, “उरलेले म्हणजे कशातून उरलेले?” असे विचारीत जावे. आठवड्यातून तीनचार दिवस, रोज पाच प्रश्नांवर हा प्रयोग केला, तरी महिनाभरात फरक दिसू लागेल. “एकूण”, “उरलेले”, “किमान”, “अनुक्रमे”, “सोडून” या शब्दांचे कन्नड व इंग्रजी प्रतिशब्द मुलाने एका वहीत लिहून ठेवावेत, कारण प्रश्नाचा रोख बहुधा अशाच एखाद्या शब्दावर असतो.

अंकांच्या बाबतीत मात्र मराठी मुलाची एक अडचण लक्षात ठेवावी. आपण “पंचेचाळीस” म्हणतो, तेव्हा पाच आधी येतात आणि चाळीस नंतर. इंग्रजीत चाळीस आधी येतात. कन्नडमध्येही “नलवत्तैदु” म्हणजे आधी “नलवत्तु”, चाळीस, आणि मग “ऐदु”, पाच. मनात मराठीत मोजणारे मूल घाईत 45 ऐवजी 54 लिहिते, त्याचे एक कारण हे आहे. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात “वीस एक, वीस दोन” असे संख्यावाचन आले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. त्या पुस्तकामागे हीच अडचण होती. त्या वादाचा निकाल कोणी कसाही लावो, बेंगळुरूतील मुलाजवळ मात्र एक तयार उपाय आहे. त्याला संख्या तिन्ही भाषांत म्हणावयास सांगावी आणि मग लिहावयास सांगावी. तीन भाषांचे ओझे वाटत होते, तेथे त्या एकमेकींचा पडताळा घेऊ लागतात.

उलट अपूर्णांकांत आपली मराठी फार श्रीमंत आहे. सव्वादोन म्हणजे दोनावर पाव, पावणेतीन म्हणजे तिनाला पाव कमी. हे शब्द ज्याच्या कानावरून रोज जातात, त्याला शाळेतील पूर्णांकयुक्त अपूर्णांक परके वाटू नयेत. मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवर किंवा गांधी बझारात भाजी घेताना मुलाला बरोबर न्यावे. तेथे पावाला “कालु” आणि पाऊणाला “मुक्कालु” म्हणतात, हे त्याच्या लवकरच ध्यानात येईल. 40 रुपये किलोची वांगी पाऊण किलो घेतली तर किती द्यावयाचे, आणि 100 रुपयांच्या नोटेतून किती परत यावयाचे, हे त्यानेच सांगावे. मात्र भाजीवाल्यासमोर त्याची परीक्षा घेऊ नये. चुकले तर घरी येताना चालता चालता पुन्हा हिशेब करावा.

सरावाची रीत

सराव अर्थातच हवा; पण त्याला प्रमाण असावे. शाळा व गृहपाठ झाल्यावर अर्धा ते पाऊण तास या वयाला पुष्कळ होतो. त्यातील दहा मिनिटे वाचनाला द्यावीत. एखादी लहान गोष्ट किंवा वर्तमानपत्रातील मुलांच्या पानावरील मजकूर मोठ्याने वाचून घ्यावा आणि तीन प्रश्न विचारावेत : एकाचे उत्तर मजकुरात सरळ दिलेले असावे, दुसऱ्याचे दोन वाक्ये जोडून काढावे लागावे, आणि तिसऱ्याचे मजकुरात मुळीच नसावे. “हे यात दिलेले नाही” असे धीटपणे सांगता येणे, ही आकलनाची मोठी खूण आहे.

चुकांसाठी एक स्वतंत्र वही करावी व तिच्या पानावर तीन रकाने आखावेत : “प्रश्न नीट वाचला नाही”, “येत नव्हते”, “येत होते, पण हात चुकला”. प्रत्येक चूक कोणत्या रकान्यात जाते, ते मुलानेच ठरवावे. आठवड्याच्या शेवटी वही पाहिली, की कोणता रकाना भरला आहे ते कळते आणि तसा उपाय योजता येतो. पहिला भरला असेल तर प्रश्न मराठीत सांगण्याचा सराव वाढवावा, दुसरा भरला असेल तर तो धडा पुन्हा शिकवावा किंवा शिक्षकांना भेटावे, तिसरा भरला असेल तर पडताळ्याची सवय लावावी आणि झोप पुरी होते की नाही ते पाहावे. नुसत्या प्रश्नपत्रिकांवर प्रश्नपत्रिका सोडविल्याने यांतले काहीच साधत नाही.

घड्याळ शेवटी आणावे. पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत एकेका पेपरला 90 मिनिटांत 75 प्रश्न असत, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी 72 सेकंद. नवोदयच्या परीक्षेत 2 तासांत 80 प्रश्न, म्हणजे प्रत्येकी 90 सेकंद. हे आकडे मुलाच्या डोक्यावर पहिल्या दिवसापासून टांगू नयेत. आधी वेळेचे बंधन न घालता बरोबर सोडविता यावे, मग हळूहळू वेग यावा. अखेरच्या तीनचार आठवड्यांत मात्र वेळ लावून दोनतीन पूर्ण पेपर अवश्य सोडवून घ्यावेत. जे अडले ते सोडून पुढे जावे आणि शेवटी परत यावे, हेही तेव्हाच शिकवावे. गोल रंगवावयाची उत्तरपत्रिका असेल, तर सोडलेल्या प्रश्नाचा गोलही कोराच ठेवावयाचा, नाहीतर पुढची सारी उत्तरे एकेका ओळीने सरकतात. ही गोष्ट घरीच दोनदा करून दाखवावी. नवोदयमध्ये चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, तेव्हा तेथे शेवटी एकही प्रश्न कोरा ठेवू नये.

परीक्षेच्या दिवशी

आदल्या दिवशी नवीन काही शिकवू नये. कंपासपेटी, प्रवेशपत्र असल्यास ते आणि पाण्याची बाटली रात्रीच ठेवून द्यावी व मुलाला नेहमीच्या वेळी झोपवावे. सकाळी नेहमीचेच खाणे द्यावे. परीक्षेहून आल्यावर दारातच प्रश्नपत्रिका हातात घेऊन उत्तरे तपासावयास बसू नये. “कोणता प्रश्न गमतीचा होता?” एवढेच विचारावे. याचे उत्तर मूल उत्साहाने देते, आणि त्यावरून त्याने प्रश्न किती लक्षपूर्वक वाचले होते, तेही न विचारता कळते.

शेवटी एक गोष्ट वडीलमंडळींसाठी. नऊदहा वर्षांच्या मुलाच्या मनात अभ्यासाविषयी जी भावना या दिवसांत घर करते, ती पुढे पुष्कळ काळ टिकते. शिष्यवृत्ती हुकली तर ती रक्कम दुसऱ्या मार्गाने उभी करता येईल. पण “मला येत नाही” ही समजूत एकदा पक्की झाली, तर ती काढण्यास फार वर्षे लागतात. शेजारच्या मुलाशी तुलना आणि गुणांवर बक्षिसाचा सौदा, या दोन गोष्टी त्याच समजुतीला खतपाणी घालतात. म्हणून त्या कटाक्षाने टाळाव्यात. आज रात्री जेवणे आटोपल्यावर मुलाच्या पुस्तकातील एकच प्रश्न काढावा आणि तो आपल्याला मराठीत समजावून सांगण्यास त्याला सांगावे. सुरुवातीला एवढे पुरे आहे.